लायब्ररीला स्क्रीन दिसत नाही

24 ओळी, 80 रकाने: जुन्या टर्मिनलची, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या स्क्रीन-कीबोर्डची, ही स्क्रीन. गुणाकार केला की 1,920 घरं. 300 बॉडचा मोडेम (फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारं यंत्र) सेकंदाला साधारण 30 अक्षरं पाठवतो, म्हणजे ही सगळी घरं एकदा भरायला 64 सेकंद लागतात. पान उलटलं की पुन्हा 64 सेकंद. मधल्या वेळात चहा टाकून येता येईल.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल जॉय बर्कली विद्यापीठात शिकत होता आणि घरी बसून अशाच मोडेमवरून विद्यापीठाच्या यंत्रावर काम करायचा. समोर एडीएम-3ए नावाचं टर्मिनल. व्हीआय हा मजकूर लिहायचा एडिटर त्यानं लिहिला तो या हालाखीत. (व्हीआयमध्ये बाणांऐवजी एच, जे, के, एल का, असं नवशिके विचारतात. त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते, एवढंच.) एडिटरमधलं बरंचसं डोकं एकाच गोष्टीत गेलं होतं: कमीत कमी अक्षरं पाठवून स्क्रीन हवी तशी कशी करून घ्यायची. केन अरनॉल्ड तिथलाच. त्यानं 1980 च्या सुमारास ही अक्कल एडिटरमधून वेगळी काढून तिची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला वापरता येईल असा तयार कोड, केली आणि नाव दिलं कर्सेस. ती आधी गाजली कशामुळं, तर रोग नावाच्या खेळामुळं. मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन यांच्या त्या खेळात भुयारं, राक्षस, खजिना असं सगळं होतं, आणि ते सगळं टाइपरायटरच्या चिन्हांत.

आज आपण लिनक्सवर वापरतो ती एनकर्सेस याच घराण्यातली. पावेल कर्टिसनं 1982 मध्ये मूळ लायब्ररीची मोफत नक्कल सुरू केली, ती झेयद बेन-हलीमकडं आली, एरिक रेमंडनं त्यात भर घातली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यापासून थॉमस डिकी तिची देखभाल करतोय. एवढ्या वर्षांत एक माणूस एका लायब्ररीला धरून बसलाय, यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. माझा विषय तो नाही.

माझा विषय आहे लायब्ररीचं मधलं यंत्र. कर्सेसवर प्रोग्राम लिहिताना आपण स्क्रीनवर लिहीतच नाही. आपण लिहितो मेमरीतल्या एका चित्रावर. पाचव्या ओळीत दहाव्या रकान्यापासून ‘एकूण’ लिही, खाली रेघ मार, उजवीकडं आकडा टाक. हे सगळं चालू असताना खरी स्क्रीन ढिम्म. मग आपण रिफ्रेश म्हणतो. लायब्ररी दोन चित्रं शेजारी धरते: आत्ता स्क्रीनवर काय आहे आणि काय असायला हवं. घराला घर लावून फरक काढते आणि तेवढाच पाठवते. त्यातही कवडीचुंबकपणा असा की कर्सर चार घरं पुढं न्यायचा असेल तर हुकूम पाठवणं स्वस्त पडतं की मधली अक्षरं पुन्हा लिहीत जाणं, याचाही हिशोब होतो. 2013 साली रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बनवायची लायब्ररी आली तेव्हा वेबवाले ‘आधी मेमरीत चित्र, मग फक्त फरक’ या कल्पनेनं हरखून गेले होते. टर्मिनलवाल्यांकडं ती तीसेक वर्षं मुरलेली होती.

यात एक मेख आहे. ‘आत्ता स्क्रीनवर काय आहे’ हे लायब्ररीला सांगितलं कुणी? स्क्रीननं नाही. टर्मिनल म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाचं वेगळं यंत्र (आज त्याची नक्कल करणारी खिडकी). तारेतून अक्षरं जातात, की दाबली की परत येतात, संपलं. अमुक घरात काय दिसतंय ते वाचून दाखव, असं त्याला विचारायची सोय नाही. लायब्ररीजवळ असते ती फक्त आठवण: मी आजवर काय काय पाठवलं, त्यावरून तिकडं असं असं दिसत असणार. आत्या पुण्यात बसून नाशिकच्या भाचीला फोनवर ठिपक्यांची रांगोळी सांगते ना, तसं. ‘सगळं आधी झाडून घे. आता तिसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका चौथीतल्या सहाव्याला जोड.’ आत्याच्या डोळ्यासमोर रांगोळी अगदी चोख आहे. भाचीनं एक ठिपका जास्त दिला असेल, तर आत्याला ते कळायचा मार्ग नाही, आणि पुढची प्रत्येक रेघ एकेक घर सरकत जाणार.

कर्सेसचं सगळं कौतुक आणि सगळा त्रास या एका गोष्टीतून निघतो. दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामनं त्याच टर्मिनलवर चूक-संदेश ओकला, की लायब्ररीच्या लेखी ते घडलेलंच नसतं. ती अक्षरं मधोमध अडकून राहतात, कारण लायब्ररीच्या मते तिथं आधीपासून बरोबरच मजकूर आहे, पाठवायचं काय? म्हणून अशा बहुतेक प्रोग्राममध्ये कंट्रोल-एल असतं: आठवण सोड, सगळं पहिल्यापासून काढ. प्रोग्राम मधेच आपटला आणि आवराआवर न करता गेला, तर टर्मिनल अर्धवट अवस्थेत राहतं. आपण टाइप करतो ते दिसेनासं होतं, एंटर मारलं की ओळी जिन्यासारख्या तिरक्या उतरतात. तेव्हा काहीही दिसत नसताना ‘रीसेट’ टाइप करून एंटर मारायचं. हे ज्याला पहिल्यांदा कुणी सांगितलं नाही, तो खिडकीच बंद करून नवी उघडतो. चालतं तेही.

आमच्या पिढीला हे सगळं उशिरा कळलं, कारण आम्ही टर्बो सीवर, म्हणजे डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या साधनावर, वाढलो. 2000 च्या आगेमागे महाराष्ट्रात ज्यांनी इंजिनिअरिंग, बीसीए नाहीतर पॉलिटेक्निक केलं, त्यांना ती निळी स्क्रीन वेगळी सांगायला नको. ती निळी चौकट, वरचा मेनू, सावली पडलेल्या खिडक्या हे सगळं बोरलँडच्या टर्बो व्हिजन नावाच्या टेक्स्ट-स्क्रीनच्याच लायब्ररीतून आलेलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रोग्राम कुठलाही असो, पहिली ओळ क्लिअरस्क्रीन, शेवटची ओळ गेटच, म्हणजे की दाबेपर्यंत थांब. पहिली का, तर आधीच्या पोराच्या प्रोग्रामचं आउटपुट पुसायला. शेवटची का, तर आपलं आउटपुट दिसायच्या आत निळी स्क्रीन परत येऊ नये म्हणून. मधे गो-टू-एक्सवाय वापरून मेनू मधोमध आणला की सबमिशनला एखादा मार्क जास्त पडायचा.

पण त्या यंत्राला स्क्रीन दिसत होती. डॉसवर टेक्स्ट-स्क्रीन म्हणजे मेमरीतली एक ठरलेली जागा. 80 गुणिले 25 घरं, प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. चार हजार बाइट झाले, संपली स्क्रीन. तिथं लिहिलं की दिसतं, आणि तिथूनच वाचलं की काय दिसतंय ते कळतं. तार नाही, मोडेम नाही, आठवणीचा प्रश्न नाही. त्यामुळं नोकरीला लागून लिनक्सवर पहिला प्रोग्राम कंपाइल केला आणि ‘कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही’ असं उत्तर आलं (क्लिअरस्क्रीन, गेटच यायचं ते तिच्यातून), तेव्हा वर्गातल्या अर्ध्या लोकांचं मत लिनक्स अपुरं आहे असं झालं होतं. लिनक्स अपुरं नव्हतं. टर्मिनल शेजारच्या खोलीत आहे की दुसऱ्या गावी, हे त्यानं गृहीतच धरलेलं नव्हतं. म्हणून तर आजही पुण्यात बसून सिंगापूरच्या सर्व्हरवर एचटॉप (यंत्रावर किती ताण आहे ते पट्ट्यांनी दाखवणारा टेक्स्ट-प्रोग्राम) उघडतं आणि पट्ट्या हलताना दिसतात.

मला हे जवळून बघायला लागलं ते मामांमुळं. मामांचं फलटणजवळ कृषी सेवा केंद्र आहे: खतं, औषधं, बियाणं. दुकानात डॉसवरचं, फॉक्सप्रोमध्ये केलेलं बिलिंग वर्षानुवर्षं चाललं. मग जुना कॉम्प्युटर बसला, नवा आला, त्यावर 64 बिटचं विंडोज, आणि त्याच्यावर 16 बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. करून देणाऱ्यानं केव्हाच धंदा बदललेला. मामांना एक नवं, खिडक्यांचं आणि रंगीत बटणांचं सॉफ्टवेअर कुणीतरी बसवून दिलं. महिन्याभरात ते बंद.

‘अगं, गिऱ्हाईक बोलतंय तिकडं बघू का त्या उंदराकडं?’ मामा म्हणाले.

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण मी दुकानात उभं राहून बघितलंय. मामा बिल करताना स्क्रीनकडं बघत नाहीत. गिऱ्हाइकाचा नंबर, एंटर, मालाचा कोड, एंटर, नग, एंटर, एंटर. नजर शेतकऱ्याकडं, तोंडानं ‘पाऊस झाला का तिकडं’ चालू. बोटं स्क्रीनच्या दोन-तीन पायऱ्या पुढं असतात. टेक्स्ट-स्क्रीनवर हे खपतं, कारण की दाबल्या त्या क्रमानं रांगेत उभ्या राहतात आणि प्रोग्राम सवडीनं एकेक उचलतो. ब्राउझरमधल्या फॉर्मवर पुढचं खानं उघडायच्या आत टाइप केलं तर अक्षरं हवेत जातात. टॅलीवर बसणाऱ्या अकाउंटंटला विचारा. एफ-5 पेमेंट, एफ-6 रिसीट, एफ-8 सेल्स, हे त्याला डोळे मिटून येतं, आणि माउस हातात घेणारा ज्युनिअर त्याला बघवत नाही. काउंटरवरच्या माणसाला देखणेपणा नको असतो, त्याला पुढं काय येणार याची खात्री हवी असते. हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना कळत नाही असं नाही. डेमोमध्ये ते दाखवता येत नाही.

तर मी मामांसाठी पायथॉन या भाषेत, कर्सेस वापरून बिलिंग लिहिलं. पायथॉनमध्ये ती घरचीच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. दुकानातल्या मशिनवर लिनक्स टाकलं. मामांनी पहिल्याच बिलाला तक्रार काढली.

‘एस्केप दाबलं की हे मधीच थांबतंय कशाला?’

जुन्या प्रोग्राममध्ये एस्केप म्हणजे मागं जा, झटक्यात. इथं दाबलं की पूर्ण एक सेकंद शांतता, मग मागं. पुन्हा तीच तार. बाणाची की दाबली की टर्मिनल तीन अक्षरं पाठवतं: आधी एस्केप, मग चौकोनी कंस, मग वरच्या बाणाला ए, खालच्याला बी. नुसतं एस्केप आलं तर लायब्ररीला कळत नाही की माणसानं खरंच एस्केप दाबलंय की हा येऊ घातलेल्या बाणाचा पहिला तुकडा आहे. म्हणून ती थांबते. किती, तर एनकर्सेसमध्ये ठरलेलं 1,000 मिलिसेकंद. 300 बॉडवर तीन अक्षरं यायलाच सेकंदाचा दहावा भाग लागतो, वर तार रेंगाळली तर आणखी, त्यामुळं तेव्हाचा तो आकडा शहाणपणाचा होता. फलटणच्या दुकानात कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्यात हातभर वायर. तो 25 वर आणला. पायथॉन 3.9 पासून त्यासाठी सरळ एक फंक्शन आहे. मामांनी एस्केप दोनदा-तीनदा दाबून बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं.

मग मामा म्हणाले, ‘नावं मराठीत येतील ना?’

मागणी रास्त होती. जुन्या यादीत नावं इंग्रजीत होती आणि एकाच विठ्ठलची स्पेलिंग चार प्रकारची, त्यामुळं खातीही चार. उधारी चौघांत वाटलेली. मराठीत एकच विठ्ठल असता.

मी यादी मराठीत भरली आणि स्क्रीनवर तक्ता उघडला. नाव, गाव, उधारी, मधे उभ्या रेघा. काही ओळींत रेघा सरळ, काहींत एक घर पुढं, काहींत मागं. वर-खाली बाणानं फिरलं की निवडीचा पट्टा मागं चुरा सांडत जायचा: कुठं सुटी वेलांटी, कुठं आधीच्या नावाचं शेवटचं अक्षर. गंमत म्हणजे ‘पुणे’ प्रत्येक वेळी बिनचूक. ‘सातारा’ आला की गडबड.

विठ्ठलवरच थांबू. हा शब्द किती घरांचा? युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संकेतावलीत) त्याचे सहा तुकडे आहेत: व, वेलांटी, ठ, पाय मोडायचं चिन्ह, पुन्हा ठ, ल. पायथॉनला लांबी विचारली तर 6. टर्मिनलच्या दुनियेत रुंदी वेगळी मोजतात. त्यासाठी सी भाषेच्या लायब्ररीत एक फंक्शन असतं, आणि मार्कस कून यानं लिहिलेली त्याची मोफत आवृत्ती पुढं असंख्य टर्मिनलांनी आणि लायब्रऱ्यांनी उचलली. तिचा नियम असा: अक्षराच्या वर किंवा खाली बसणाऱ्या खुणा शून्य रुंदीच्या, शेजारी जागा घेणाऱ्या खुणा एक घराच्या. म्हणजे उकार, मात्रा, अनुस्वार, पायमोड यांना शून्य. काना आणि दोन्ही वेलांट्यांना एक. या हिशोबानं विठ्ठल 5 घरांचा. काही नव्या लायब्रऱ्यांनी काना-वेलांटीलाही शून्य धरायला सुरुवात केली, त्यांच्या मते विठ्ठल 4. आणि आपण वाचतो ती अक्षरं तीनच: वि, ठ्ठ, ल. सहा, पाच, चार, तीन. यातलं एक उत्तर लायब्ररीच्या डोक्यात असतं, एक टर्मिनलच्या, आणि फाँट बिचारा जागा मिळेल तसं अंग चोरून बसतो. पुणे का सुखरूप, तेही यातच आलं. प उकार, ण मात्रा. दोन्ही खुणा वर-खालच्या, कुठल्याही नियमानं दोनच घरं. ‘सातारा’ला तीन काने.

याहून वाईट पुढं आहे. एनकर्सेसच्या एका घरात एक मूळ अक्षर आणि त्याला चिकटणाऱ्या जास्तीत जास्त चार शून्य-रुंदीच्या खुणा मावतात. उकाराची सोय त्यात झाली. वेलांटी मात्र एक घराची, म्हणजे तिला स्वतंत्र घर मिळतं. आता वरच्या ओळीत ‘वाघ’ होतं आणि त्याच जागी ‘विठ्ठल’ आलं असं समजा. लायब्ररी घराला घर लावते. पहिल्या घरात व होता, व आहे, पाठवायचं कारण नाही. दुसऱ्या घरात काना होता, आता वेलांटी. काटकसर म्हणून ती कर्सर दुसऱ्या घरात नेते आणि एकटी वेलांटी पाठवते. वेलांटी बसणार व च्या अलीकडं, आणि व तर या खेपेला आलाच नाही. टर्मिनल काय करणार? कुणी तिला तुटक गोल काढून अधांतरी उभं करतं, कुणी मागच्या अक्षराला बांधायचा प्रयत्न करतं. 300 बॉडच्या काळातला तो देखणा हिशोब, एकही अक्षर वाया न घालवणारा, आपल्या लिपीत नेमका अक्षराच्या मधोमध सुरी चालवतो.

चिनी, जपानी, कोरियन लिप्यांना टर्मिनलमध्ये दोन घरं मिळाली आणि ती सगळीकडं सारखी मिळतात. त्यांची अक्षरं मुळात चौकोनात बसणारी, आणि त्यांच्या देशांतल्या कंपन्यांनी तशी यंत्रं फार आधी बनवून रूढ केली. आपल्याकडंही प्रयत्न झाला नाही असं नाही. जिस्ट हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिल्यावर मोहन तांबे यांच्या चमूनं ते तिथं वाढवलं. पीसीत एक कार्ड बसवायचं. आतला प्रोग्राम डॉसवरचा, इंग्रजी टेक्स्टसाठी लिहिलेला, त्याला पत्ताही नाही, आणि स्क्रीनवर देवनागरी, जोडाक्षरांसकट. अक्षर जुळवायचं काम कार्ड करायचं. त्यासाठीची संकेतावली 1991 मध्ये भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेला आहे. पुढं खिडक्यांची आणि माउसची दुनिया आली, मराठी तिकडं नीट दिसायला लागलं, आणि टेक्स्ट-स्क्रीनवरच्या मराठीची फिकीर करायचं कुणाला कारण उरलं नाही. उरलं ते मामांसारख्यांना.

प्रमाणकांच्या पातळीवर हालचाल आहे, पण ती मोठ्यांच्या लग्नासारखी ठरत ठरत होते. ‘क्ष’ हे वापरणाऱ्याच्या दृष्टीनं एकच अक्षर आहे हे युनिकोडच्या तुकडे पाडायच्या मूळ नियमांत 2023 च्या 15.1 आवृत्तीत आलं. तोवर त्या नियमाप्रमाणं क्ष दोन होता. काही नवी टर्मिनलं आता अख्खं अक्षर एकत्र मोजायची पद्धत पाळतात, आणि प्रोग्रामला ‘तू तसं मोजतोस का’ असं विचारता येतं. मोड 2027 म्हणतात त्याला. त्याला कारण देवनागरी नव्हेच, इमोजी. चार माणसांचं कुटुंब असलेली इमोजी सगळ्यांच्या टर्मिनलमध्ये फुटायला लागली तेव्हा जग जागं झालं. तिच्या पदराला धरून आपली जोडाक्षरं आत येताहेत. येऊ देत, तक्रार नाही.

एक गोष्ट टर्मिनलला विचारता येते: कर्सर कुठं आहे. एस्केप, चौकोनी कंस, सहा, एन असं पाठवलं की ते ओळ आणि रकाना सांगतं. म्हणजे नाव लिहायचं, विचारायचं, किती घरं सरकला ते टिपून ठेवायचं. मी गावांच्या सगळ्या नावांची अशी मोजणी करून घेतली. आकडे आले, आणि उपयोग काही झाला नाही, कारण एनकर्सेस रुंदी सी लायब्ररीच्या तक्त्यावरूनच ठरवते. मी मोजलेली रुंदी तिच्या हातात ठेवायला खिडकीच नाही.

मग नव्या लायब्रऱ्या का नाहीत, असं हे वाचणारे तरुण विचारतील. त्या मी चाळल्या. गेल्या काही वर्षांत या प्रकाराला पुन्हा पालवी फुटली आहे. पायथॉनमध्ये विल मॅकगुगनची टेक्स्चुअल, गो भाषेत चार्मवाल्यांची बबल टी, रस्टमध्ये रॅटाटुई, जी 2023 मध्ये टीयूआय-आरएस नावाच्या आधीच्या लायब्ररीतून फुटून निघाली. टेक्स्चुअलमध्ये तर वेबसारखं सीएसएस (पानाचं रूपरंग ठरवायची भाषा) लिहायचं. बघायला सुरेख आहे. मला त्यात थोडं हास्यास्पदही वाटतं: वेबला कंटाळून टर्मिनलमध्ये यायचं आणि येताना सीएसएस पिशवीत घालून आणायचं. पण माझ्या प्रश्नापुरता फरक भलत्याच ठिकाणी आहे. रॅटाटुई कर्सेससारखीच घराला घर लावते. बबल टीची मूळ पद्धत ओळीला ओळ लावायची: ओळीत काहीही बदललं तर अख्खी ओळ पुन्हा लिहायची. काटकसरीच्या दृष्टीनं हे ढोबळ, गबाळं. देवनागरीच्या दृष्टीनं हेच योग्य, कारण व आणि वेलांटी नेहमी एकत्र निघतात. रेघा सरकायचा प्रश्न तिथंही आहेच, पण चुरा सांडत नाही.

मामांच्या प्रोग्रामसाठी भाषा बदलायची माझी तयारी नव्हती. कर्सेसमध्ये एक कोपऱ्यातलं फंक्शन सापडलं. त्याला ओळींचे नंबर द्यायचे. अर्थ असा की या ओळी स्क्रीनवर बिघडल्या आहेत असं समज आणि पुढच्या रिफ्रेशला पूर्ण नव्यानं काढ. ते मुळात तारेतल्या कचऱ्यासाठी असणार. मी ते मराठी असलेल्या प्रत्येक ओळीला, प्रत्येक बदलाला लावते. ओळ बिघडलेली नसते. लायब्ररीची आठवण त्या ओळीपुरती रद्द करायचा तो एकमेव सभ्य मार्ग आहे. आणि रकाने फिरवले: आधी खाते क्रमांक, मग उधारी, मग तारीख, नाव आणि गाव सगळ्यात शेवटी, त्यांच्यामागं रेघ नाही, काही नाही. नाव पाच घरांचं निघो की चारांचं, त्याच्या उजवीकडं सरकायला कुणी उरलेलंच नाही. उजवीकडची चौकट काढून टाकली तेव्हा मामांनी विचारलं, ‘ही बाजू उघडी का ठेवली?’ मी म्हटलं, नावं मोठी आहेत. पटलं.

आता अडलंय ते शोधायच्या खान्यात. तिथं बाण दाबला की कर्सर अख्खं अक्षर ओलांडतो, वि वरून ठ्ठ वर, हे बरोबर आहे. पण बॅकस्पेसलाही मी अख्खं अक्षर पुसायला लावलं होतं, इमोजीवाल्यांचा नियम तसाच आहे म्हणून. मामांना ते मान्य नाही. त्यांना ‘शिंदे’ मधली वेलांटी चुकली तर तेवढीच पुसायची असते, श तसाच राहायला हवा, आणि हे मला त्यांनी दोन बिलांच्या मधे, श्रीगोंद्याहून आलेल्या एका माणसाला बियाण्याचं पाकीट देता देता सांगितलं. मागून पुसताना एकेक खूण, पुढून डिलीट केलं तर अख्खं अक्षर, असं ठरलंय. फक्त ‘शि’ची वेलांटी पुसल्यावर श एक घर डावीकडं उडी मारतो, ते मामांना चालेल की नाही ते पुढच्या फेरीला कळेल.